ड्युटी सुटल्यावर सांगा

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या अंबडमधल्या एका रंगाच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. तेव्हा कामगारांपैकी क्वचितच कुणाच्या घरी फोन असायचा, म्हणून सगळ्यांनी नातेवाइकांना कंपनीचाच नंबर देऊन ठेवलेला. एका बहाद्दराने तर मुलीच्या लग्नपत्रिकेवर तो छापला. मी त्याला बोलावून विचारलं, "वऱ्हाडाच्या चहापाण्याचंही मीच बघायचं का?" तो मान खाली घालून हसत राहिला. लग्नाच्या आदल्या दिवशी येवल्याहून, निफाडहून फोन यायला लागले आणि कार्यालय कुठे, जेवण कधी, हे सगळं मीच सांगत बसले. मी तोंडाची फटकळ, पण निरोप कुणाचा बुडवला नाही.

माझी खोली गेटला लागून होती. निरोप आला की शिपायाला आत पाठवायची, तो जागेवर नसला की स्वतः जायची. मिक्सिंग सेक्शनमध्ये जायचे मात्र नियम होते. तिथे थिनरची पिंपं उघडी असायची आणि त्याची वाफ हवेत भरून राहिलेली असायची. ठिणगी पडू नये म्हणून पिंपाला जमिनीत गाडलेली तार जोडल्याशिवाय थिनर ओतायचं नाही. झाकण उघडायचे पाने पितळेचे. गेटवर एक लाकडी ट्रे होता, त्यात प्रत्येकाने काडेपेटी आणि विडीचं बंडल काढून ठेवायचं. बायकांनी नायलॉनची साडी नेसून आत यायचं नाही, कारण नायलॉन अंगावर घासलं तरी ठिणगी पडू शकते. लग्नात आलेल्या माझ्या चांगल्या चांगल्या साड्या कपाटात पडून राहिल्या आणि मी बारा महिने सुती साड्यांत वावरले. त्याचा मला बरीच वर्षं राग होता.

सगळ्यात अवघड निरोप मृत्यूचा. तो द्यायची आपल्याकडे एक रीत आहे. "गेले" असं फोनवर कुणी म्हणत नाही. "तब्येत जरा जास्त आहे, पाठवून द्या," असं म्हणतात, आणि तेच आत जाऊन सांगायचं असतं. खरं काय ते ओळखायला मी लवकरच शिकले. माणूस नुसता आजारी असला तर फोन करणारा घाई करतो, मिळेल त्या गाडीने पाठवा म्हणतो. माणूस गेलेला असला की आवाज खाली येतो आणि वर म्हणतात, "सावकाश या म्हणावं, घाई करू नका." ते ऐकलं की मी समजून जायची. मग मी आत जाऊन त्या कामगाराला चेहरा साधा ठेवून सांगायची, की घरून बोलावलंय, जरा बरं नाही म्हणे. आणि त्याला एकट्याला कधी सोडायची नाही. त्याची स्कूटर चालवायला दुसरा कुणीतरी द्यायची. सुपरवायझर कुरकुर करायचा, एका माणसाच्या रजेत दोन माणसं जातात म्हणून. मी त्याला म्हणायची, "त्याला एकटा पाठवा आणि द्वारकेच्या गर्दीच्या चौकात काय होतं ते बघा." मग तो दोघांच्या रजेवर सही करायचा.

माझ्या वडिलांना मात्र हे पसंत नव्हतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मनमाडला रेल्वेत केबिनवर त्यांची उभी नोकरी गेली. लिव्हर ओढायचे, सिग्नल द्यायचे, कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते सांभाळायचे. केबिनमध्ये फोन होता, पण तो फक्त गाड्यांसाठी. त्यावर घरचं एक अक्षरही बोलायचं नाही, असा दंडकच होता.

मी शाळेत असताना आमची आजी गेली. सकाळचीच वेळ होती आणि अण्णा केबिनवर होते. केबिन घरापासून काही लांब नव्हती, मुलं तिकडे खेळत खेळत जात. पण कुणी त्यांना सांगायला गेलं नाही. आईने चूल पेटवली नाही. विहारातल्या बायका येऊन बसल्या, कुणी हळू आवाजात त्रिशरण म्हणत होतं, आणि आम्ही सगळे अण्णांची ड्युटी सुटायची वाट बघत होतो. ते आले आणि दारातल्या चपला बघून तिथेच थांबले. डब्याची पिशवी त्यांनी कितीतरी वेळ खाली ठेवली नाही.

पुढे कधीतरी मी चिडून आईला विचारलं, की स्वतःची आई गेली आणि माणसाला सांगायचं नाही, ही कसली रीत. उत्तर अण्णांनी दिलं. "माझ्या हातात गाड्या होत्या, बाई. मन थाऱ्यावर नाही त्याच्या हाती लिव्हर द्यायचा नसतो." त्यांच्या बोलण्यात कुठेही तक्रार नव्हती. ड्युटीवरच्या माणसाला घरचं काही कळवायचं नाही, ड्युटी सुटल्यावर सांगायचं, हे आमच्या घरात जेवायच्या आधी हात धुण्यासारखं होतं. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, आणि मला ते कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

त्यामुळे मी कारखान्यात चालू कामातून माणसं उठवून निरोप देते हे कळल्यावर अण्णा म्हणाले, "हे काही बरं नाही." मी म्हटलं, "अण्णा, रंगाच्या डब्यांवर कुठली गाडी चढणार आहे?" ते हसले, पण त्यांना पटलं नाही. निवृत्त झाल्यावर ते स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून मला फोन करायचे, तोही नेमका जेवणाच्या सुट्टीत. मी रिसीव्हर उचलून कंपनीचं नाव घ्यायची, इंग्रजीत नमस्कार करायची, आणि पलीकडे क्षणभर कुणीच बोलायचं नाही. माझा तो नोकरीतला आवाज त्यांना ऐकायचा असायचा, हे मला आईने सांगितलं. मग म्हणायचे, "मी बोलतोय. जेवलीस का? बरं, ठेवतो." दोन वाक्यांसाठी हा माणूस उन्हातान्हात बूथपर्यंत चालत जायचा.

मग मोबाईल आले. आधी मॅनेजरकडे, मग सुपरवायझरांकडे, आणि बघता बघता पॅकिंगवाल्यांच्या खिशातही. दिंडोरीकडून ट्रॅक्टरवर कामाला येणारा एकजण मला मोबाईल उंच करून दाखवायचा, "मॅडम, आता तुमची गरज नाय." तो थट्टेत म्हणायचा, पण ते खरं निघालं. एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, की आता प्रत्येकाकडे मोबाईल आहे, तर टेलिफोनच्या बोर्डाचं काय काम. ऑफिसात दोन सरळ लाइनी ठेवल्या, एक साहेबांना, एक खरेदीला. माझा बोर्ड काढून नेला. भिंतीवर त्याच्या जागी रंगाचा एक स्वच्छ चौकोन उरला. मला पॅकिंगमध्ये डब्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. नोकरी राहिली हेच खूप, असं सगळे म्हणाले, आणि मीही तसंच म्हणत राहिले. मनातून मात्र अपमान झाला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी मिक्सिंगमध्ये आग लागली. आग तशी मोठी नव्हती, माणसांनी वाळू टाकून विझवली. पण पिंपापाशी जो कामगार होता त्याचे दोन्ही हात भाजले. त्याच्या खिशात मोबाईल होता. तो वाजला म्हणून ठिणगी पडली, असं काहींनी सांगितलं. वाजला नव्हता, पिंपाची तार निसटली होती, असं दुसऱ्यांनी सांगितलं. मेंटेनन्सचे इंजिनिअर म्हणाले, मोबाईलने आग लागल्याचं त्यांनी तरी पाहिलेलं नाही, पण लागणारच नाही असं लिहून द्यायला ते तयार नाहीत. शेवटी खरं कारण काय, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे, की तो माणूस बरा होऊन परत आला तेव्हा चहाचा ग्लास बोटांनी धरता येत नव्हता म्हणून दोन्ही तळव्यांत दाबून धरायचा. त्याच्यासमोर बसून मोबाईलबंदी जाचक आहे असं म्हणायची माझी तरी छाती नव्हती.

बंदी आली ती सरसकट. मिक्सिंगपुरती ठेवता आली असती. पण मग कोण कुठल्या दाराने आत जातो यावर लक्ष ठेवायला माणूस लागला असता. त्यापेक्षा गेटवरच सगळ्यांचे फोन काढून घेणं सोपं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्यातली गत. काडेपेट्यांच्या ट्रेशेजारी सुताराने लाकडी खणांचं कपाट बसवलं, खणांना नंबर टाकले. सकाळी फोन ठेवायचा, संध्याकाळी घ्यायचा. आणि वॉचमनने कुणाच्या फोनला हात लावायचा नाही, कारण एखादा हरवला तर त्याचं नाव. हा नियमही शहाणपणाचाच होता.

त्या वर्षांत नाशकात जिकडे तिकडे मोबाईल बंद ठेवण्याच्या पाट्या लागत होत्या. पेट्रोल पंपावर, दवाखान्यात, बँकेत, देवळाच्या दारात. पंपावरचा पोऱ्या पाटीखाली उभा राहून फोनवर बोलत पेट्रोल भरायचा. दवाखान्यात मशिनला त्रास होतो म्हणायचे आणि डॉक्टर स्वतः कानाला फोन लावून राउंड घ्यायचे. मला या पाट्यांची चीड यायची ती बंदीमुळे नाही. जिथे खरंच जिवाला धोका आहे तिथली पाटी आणि जिथे फक्त पुजाऱ्याला आवाज नको आहे तिथली पाटी, दोन्ही एकाच लाल रंगात. माणसं मग कुठलीच पाटी वाचत नाहीत. आमच्या कारखान्यात मात्र नियम पाळला जायचा. तळव्यांत ग्लास धरणारा माणूस रोज डोळ्यांसमोर होता.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही नाही. मोबाईल आले म्हणून बोर्ड काढला होता. मग मोबाईलही काढून घेतले. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती आलं धुपाटणं. सकाळी गेटातून आत गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत कुणाला सापडत नव्हता. पण ज्याच्या त्याच्या घरच्यांकडे त्याचा मोबाईल नंबर होता, त्यामुळे घरचे निर्धास्त होते.

मीही मोबाईल घेतला होता. अण्णांना मी नंबर तोंडपाठ करून घ्यायला लावला. म्हटलं, आता बूथवर जायला नको, दादाच्या फोनवरून कधीही लावा. ते म्हणाले, "कधीही कसा लावायचा? तू ड्युटीवर असशील." आणि ते पूर्वीसारखेच जेवणाच्या सुट्टीत लावत राहिले. बंदी आल्यावर मी त्यांना कळवलं, की आता दुपारी फोन गेटवर असतो, संध्याकाळी करत जा. त्यांना बंदीचं कारण सांगितलं तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "हे बरोबर केलं तुमच्या कंपनीनं." संध्याकाळी घरी गर्दीची वेळ, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास. बोलणं कमी होत गेलं.

तो हिवाळ्यातला दिवस होता. दिवसभर मी लेबलं चिकटवत होते. निळ्या रंगाचे डबे होते, एवढंही आठवतं. दुपारनंतर काम हलकं होतं, आम्ही बायका गप्पा मारत होतो, कुणीतरी तिळाच्या वड्या आणल्या होत्या. भोंगा झाला, गेटवर आले. वॉचमनमामा सटाण्याकडचे, मिशाळ, एरवी मला बघितलं की काहीतरी चेष्टा करणारे. त्या दिवशी ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"ताई, तुमना फोन वाजी राहिना दुपारपासून," ते म्हणाले. "हात लावानी मनाई शे. काय करू?"

फोन खणातून काढला तर दादाचे एकामागून एक फोन येऊन गेलेले. सगळे जेवणाच्या सुट्टीनंतरचे, आणि मग अचानक थांबलेले. मी तिथेच उभी राहून लावला. वहिनीने उचलला.

"ताई, अण्णांची तब्येत जरा नरम आहे," ती म्हणाली. "तुम्ही निघून या." आणि मग, आवाज खाली आणून, "सावकाश या. घाई करू नका."

बिचारीने चांगल्या मनानेच सांगितलं. जगात दुसऱ्या कुणालाही ती हे सांगती तर त्याचा मनमाडपर्यंतचा रस्ता आशेवर निघाला असता. मला मात्र ती दोन तासांचीही आशा मिळाली नाही. हीच वाक्यं मी कितीजणांना जशीच्या तशी सांगितली होती. माझे अण्णा गेले होते. मी "हो, निघते" म्हणाले आणि फोन बंद केला.

वॉचमनमामांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर पडणाऱ्या एकाची स्कूटर त्यांनी हात आडवा करून थांबवली. "ताईले एकली जाऊ देऊ नको," त्याला म्हणाले, "नाशिकरोडले गाडीत बसाडी दे." मी लोकांसाठी करायची तेच ते माझ्यासाठी करत होते. मला तिथेच रडू फुटलं. गेटवरून माणसं जात होती आणि मी खणांच्या कपाटाला धरून रडत होते.

मनमाडला पोहोचले तेव्हा दारात चपला होत्या. अण्णांना खाली ठेवलेलं होतं. आई त्यांच्या उशाशी बसली होती आणि तिने मला बघून फक्त हात पुढे केला. सकाळी ते चालतेबोलते होते. दुपारी छातीत दुखायला लागलं. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, दवाखान्यात न्यायची गाडी ठरवायला माणूस गेला. तेवढ्या वेळात ते शुद्धीवर होते, बोलत होते, आणि त्यांनी माझं नाव घेतलं.

हे दादाने मला तेव्हा सांगितलं नाही. पुण्यानुमोदन झाल्यावर, आम्ही दोघं परसात बसलो होतो तेव्हा सांगितलं. म्हणाला, "अण्णा म्हणाले, तिला फोन लाव. मी लावला, त्यांच्या कानाला धरला. रिंग जात होती. ते ऐकत राहिले. संपली की म्हणायचे, परत लाव. असं बऱ्याच वेळा झालं." मग म्हणाला, "तुमच्या ऑफिसचा नंबर माझ्या डायरीत होता. साहेबांचा. मी म्हटलं, ऑफिसला लावतो, ते बोलावून आणतील तिला. तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, नको. ती ड्युटीवर आहे. सुटल्यावर सांगा."

दादाला कसा दोष देणार? त्याच्या जागी मी असते तर मीही डायरी बंद केली असती. आम्हाला तेच वळण होतं. पण मला आतून इतका संताप आला, की कुणावर काढावा ते सुचेना. अण्णांच्या हातात गाड्या होत्या, त्यात बसलेली हजारो माणसं होती. माझ्या हातात काय होतं? खळीचा ब्रश. तिळाची वडी. मला अर्धा तास उठवलं असतं तर जगात एकाही डब्याचं काही बिघडलं नसतं. अण्णांना हे कधी कळलं नाही. त्यांच्या लेखी मी अजून कुठल्याशा मोठ्या जबाबदारीच्या जागी बसलेली होते, आणि त्या जबाबदारीचा मान राखून ते माझ्याशी न बोलता गेले.

पुढे बरेच दिवस मी कामावर नीट नव्हते. डब्यावर लेबलं उलटी लागायची. मैत्रिणी म्हणायच्या, त्या मोबाईलबंदीच्या नावाने अर्ज करू, आम्ही सह्या करतो. एकीने तर मजकूरही तयार केला. मी तो फाडला. बंदी चुकीची होती असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. आगीत त्या माणसाचे हात भाजले नसते तर म्हटलं असतं कदाचित. मला वाईट याचं वाटत होतं, की भांडायला समोर कुणी नव्हतंच. बंदी करणारा बरोबर होता, फोनला हात न लावणारा वॉचमन बरोबर होता, हात धरणारे अण्णा बरोबर होते. इतकी सगळी शहाणी माणसं मिळून एका बापाला मुलीशी बोलू देऊ शकली नाहीत.

मग एके दिवशी मी उठले आणि मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब पुण्याचे, मऊ बोलणारे. त्यांना वाटलं बंदी उठवा म्हणायला आले. त्यांनी आधीच हात वर केला, की हे वरून आलेलं आहे.

मी म्हटलं, "बंदी राहू द्या. मला गेटवर साधा फोन पाहिजे. वायरचा. आणि तो वाजला तर उचलायची वॉचमनला मुभा पाहिजे. आणि निरोप घेऊन आत जायला मी."

"आता लँडलाइन कोण लावतं?" साहेब म्हणाले. "सगळ्यांकडे मोबाईल आहेत."

"सगळ्यांचे मोबाईल तुमच्या गेटवर खणात आहेत, साहेब."

त्यांचा वर केलेला हात खाली आला. माणूस वाईट नव्हता, कामाच्या रगाड्यात त्याने हे एकत्र करून बघितलंच नव्हतं. मग मी त्यांना अण्णांचं सांगितलं. सांगताना आवाज फाटला, मी लाज धरली नाही. महिन्याभरात फोन बसला. मी प्रत्येक कामगाराला गाठून सांगितलं, की हा नंबर घरी भिंतीवर लिहून ठेवा. आणि एक गोष्ट प्रत्येकाला बजावली, की घरच्यांना सांगा, कामावर असला तरी कळवायचं.

बरेच दिवस तो फोन नुसता बसून होता. कधी चुकीचा नंबर, कधी कुणाची बायको येताना मेथी आणा म्हणून. वॉचमनमामा मेथीचा निरोपही मला बोलावून गंभीरपणे द्यायचे. मग पावसाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी त्यांनी पळत येऊन मला उठवलं. मिक्सिंगमधल्या एका कामगाराच्या घरून फोन होता. तो दिंडोरीजवळच्या खेड्यातला. मी गेटवर जाऊन रिसीव्हर कानाला लावला, तर त्याची बायको बोलत होती, आणि ती घाई करत होती. "सासरे बोलू राह्यले अजून," ती म्हणाली. "त्यांना बोलवा लवकर. लय आठवण काढता त्यांची."

मी मिक्सिंगच्या दारापर्यंत अक्षरशः धावले. तो पिंपापाशी होता, हातात पितळेचा पाना. मला त्याला सांगायची जुनी वाक्यं तोंडाशी आली होती, जरा बरं नाही म्हणे, जाऊन या. ती मी गिळली. म्हटलं, "वडील खूप आजारी आहेत. फोनवर बोलतायत. चला, आत्ता."

तो पांढराफटक पडला. पण पाना टाकून धावला नाही. त्याने आधी झाकण लावलं, ते चारी बाजूंनी आवळलं, मग तार काढली, शेजारच्याला आवाज देऊन पिंप त्याच्या ताब्यात दिलं. मला वाटत होतं त्याच्या दंडाला धरून ओढून न्यावं. पण मी उभी राहिले. शेजारचा माणूस, तोच तळव्यांत ग्लास धरणारा, बघत होता. झाकण नीट लागल्यावर आम्ही दोघं धावलो.

फोन अजून चालू होता. वॉचमनमामांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी सांभाळून धरला होता. कामगाराने तो घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी तिथून निघून जायला हवं होतं. परक्याचं बोलणं ऐकू नये, ऑपरेटर असताना हे मी कसोशीने पाळलं होतं. त्या दिवशी माझे पाय हलले नाहीत.

"बा," तो म्हणाला, "मी हाय. ऐकू येतं का?" मग बराच वेळ तो नुसता हुंकार देत राहिला. मग म्हणाला, "भाकर खाल्ली का थोडी? गोळी घेतली? अंगावर गोधडी घे, गारवा हाय." पुन्हा ऐकत राहिला. "हा, बा. हा. मी निघलोच."

बस, एवढंच. त्याने रिसीव्हर ठेवला, बाहीने तोंड पुसलं, आणि वॉचमनमामांनी थांबवून ठेवलेल्या स्कूटरवर मागे बसून तो गेला.

त्या हिवाळ्यापासून मी रोज मनाशी घोळवत होते, की अण्णांना मला काय सांगायचं असेल. काहीतरी मोठं असणार, इतक्या वेळा फोन लावायला लावला म्हणजे. ते ऐकायचं राहिलं म्हणून मी जळत होते. त्या दुपारी गेटवर उभी असताना मला कळलं, की तसं काही नसणारच. त्यांनी विचारलं असतं, "जेवलीस का?" मी हो म्हटलं असतं. ते म्हणाले असते, "बरं, ठेवतो."